पूर्व युरोपातल्या स्वयंसेवी वन्यजीव गणना : माणसं थोडी, तरी आकड्यांची मालिका तुटली कशी नाही?

माळरान :

चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी अशा साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांमधल्या स्वयंसेवी वन्यजीव गणनांवर सविस्तर टिपण तयार करायचं आहे. वाचन बरंच झालंय, पण एक गाठ सुटत नाही.

या समाजांबद्दल एक मत सगळीकडे भेटतं. लोक संघटनांपासून लांब राहतात, कारण जुन्या काळात सभासदत्व सक्तीचं होतं आणि शनिवारचं 'स्वेच्छा' श्रमदानही सक्तीचंच होतं. ती राजवट गेल्यावर कुठल्याही यादीत नाव घालायची हौस कुणाला उरली नाही. हे खरं धरलं, तर चेक पक्षीगणनेचे आकडे १९८२ पासून आजपर्यंत सलग कसे मिळतात? हंगेरीची गणना १९९९ पासून आणि पोलंडची २००० पासून कशी चालू आहे?

प्रत्यक्ष गणना नेमकी कशी करतात, आणि या तीन देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते का? लांडगा, लिंक्स (एक मोठं रानमांजर) अशा लपून राहणाऱ्या प्राण्यांचं काय करतात? जमवलेल्या नोंदी संघटनांना पुढे कशा उपयोगी पडतात? कुठे चुकतं तेही सांगा, अहवालांत ते फारसं सापडत नाही.


नीलपंख :

सभासद थोडे असणं आणि गणना टिकणं यात विरोध नाही. गणनेला गर्दी लागत नाही. पाचपन्नास नाही, शंभर-दोनशे माणसं पुरतात, पण ती दरवर्षी तीच हवीत आणि त्याच जागी उभी राहायला हवीत. ही माणसं १९८९ मध्ये राजवटी कोसळल्यानंतर नव्याने जमवावी लागली नाहीत, आधीपासून होती.

पक्षी मोजणारा माणूस त्या राजवटींना धोक्याचा वाटत नव्हता. चेक पक्षिशास्त्र संस्था १९२६ ची. हंगेरीची पक्षिशास्त्र व निसर्गसंरक्षण संस्था, म्हणजे एमएमई, १९७४ ची. पोलंडची गरुड संरक्षण समिती १९८१ ची. चेकोस्लोव्हाकियात १९७४ मध्ये सुरू झालेली ब्रोंटोसॉरस ही निसर्गसेवेची चळवळ तर सरकारमान्य युवक संघटनेच्याच छत्राखाली होती. 'तिस' नावाची जुनी स्वायत्त निसर्गसंघटना १९७९ मध्ये संपुष्टात आली आणि त्याच वर्षी निसर्गरक्षकांचा अधिकृत संघ उभा राहिला. तरी माणसं बरीचशी तीच राहिली. याच वर्तुळांतून पुढे उघड टीकाही आली. डॅन्यूब नदीवरच्या धरणाविरुद्ध हंगेरीत १९८४ मध्ये 'डॅन्यूब मंडळ' उभं राहिलं. ब्रातिस्लाव्हातल्या निसर्गरक्षकांनी १९८७ मध्ये शहराच्या हवा-पाण्याची खरी स्थिती छापून काढली. सत्ता बदलल्यावर यातले काहीजण मंत्रालयांत आणि संसदेत गेले. वही-दुर्बीण घेऊन फिरणारे मात्र आपापल्या ओढ्याकाठीच राहिले, आणि मालिका त्यांच्यामुळे टिकली.

आता पद्धत.

चेक गणनेला जेपीएसपी म्हणतात. गणक एक वाट ठरवतो आणि त्या वाटेवर २० बिंदू निश्चित करतो. दोन बिंदूंमध्ये किमान ३०० मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. प्रत्येक बिंदूवर ५ मिनिटं उभं राहून दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. हंगामात दोन फेऱ्या होतात. पहिली लवकर गाणाऱ्या स्थानिक पक्ष्यांसाठी, दुसरी आफ्रिकेतून उशिरा परतणाऱ्यांसाठी.

पोलंडच्या गणनेत, म्हणजे एमपीपीएलमध्ये, १ किलोमीटर बाजूचा चौकोन चिठ्ठी टाकल्यासारखा यदृच्छेने निवडून दिला जातो. त्यात एकमेकींपासून सुमारे ५०० मीटर अंतरावर दोन समांतर रेषा असतात, प्रत्येकी एक किलोमीटरची, आणि प्रत्येक रेषेचे २०० मीटरचे पाच तुकडे. पहिली फेरी १० एप्रिल ते १५ मे, दुसरी १६ मे ते ३० जून. पक्षी रेषेपासून किती लांब आहे त्यावरून तीन रकाने : २५ मीटरच्या आत, २५ ते १००, आणि १०० च्या पुढे. नुसता उडत गेलेला पक्षी चौथ्या रकान्यात.

हंगेरीच्या गणनेत, म्हणजे एमएमएममध्ये, अडीच किलोमीटर बाजूचा चौकोन, त्यात २५ बिंदूंची जाळी आणि त्यातले यदृच्छेने निवडलेले १५ बिंदू. प्रत्येकी ५ मिनिटं. १५ एप्रिल ते १० मे आणि ११ मे ते १० जून अशा दोन फेऱ्या, मध्ये किमान १४ दिवसांचं अंतर.

पोलंडची पद्धत ब्रिटिश गणनेवरून घेतलेली आहे आणि नवा गणक सगळ्यात आधी अडखळतो तो चंडोलापाशी. चंडोल गातो आकाशात, आपल्या हद्दीच्या वर. त्याला 'उडता' म्हणून चौथ्या रकान्यात टाकलं की घोटाळा झाला. तो ज्या जमिनीच्या वर तरंगतोय, तिथपर्यंतचं अंतर धरायचं. माथ्यावरून सरळ निघून गेलेली भिंगरी मात्र उडत्यांत. एका गणकाने पाच वर्षं चंडोल उडत्यांत टाकले आणि सहाव्या वर्षी त्याला चूक कळली, तर त्या चौकोनात चंडोल अचानक 'वाढलेला' दिसतो.

दुसरी चूक नवखेपणाची. पहिल्या वर्षी कान तयार नसतो, म्हणून कमी जाती लिहिल्या जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आकडे फुगतात. गणक बदलला की तोच प्रकार. म्हणून काही ठिकाणी गणक बदलल्यावर तो चौकोन हिशेबात नवा चौकोन धरतात. तिसरी चूक जागेच्या निवडीतली. चेक गणनेत जागा गणक स्वतः निवडतो, त्यामुळे घराजवळच्या आणि पक्ष्यांनी भरलेल्या जागा जास्त येतात, रटाळ मक्याची शेतं कमी. चेक संस्थेने २०१८ मध्ये रेषेवर चालून करायची नवी गणनाही सुरू केली आहे. जुनी मालिका मात्र बंद करायची नसते, नाहीतर १९८२ पासूनचं सगळं अधांतरी राहतं.

तुलनेबद्दल : कच्चे आकडे शेजारी ठेवू नका. एका देशात 'बिंदूवर ५ मिनिटांत ३ चंडोल' आणि दुसऱ्यात 'किलोमीटरला ३ चंडोल' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रत्येक देशाचा निर्देशांक काढायचा, एक वर्ष १०० धरायचं आणि पुढची वर्षं त्याच्याशी ताडायची. निर्देशांक मात्र तुलनेला चालतात. युरोपभरचं हे काम २००२ पासून चेक पक्षिशास्त्र संस्थेच्या प्रागमधल्या कार्यालयातून चालतं, ही गोष्ट तुमच्या टिपणात यायलाच हवी. त्यासाठी ट्रिम नावाची संगणकप्रणाली वापरतात. एखाद्या वर्षी एखादी जागा मोजायची राहिली, तर बाकीच्या जागांच्या चढ-उतारावरून ती तिथला अंदाज भरते. पण एकाच वर्षी मोजलेली जागा कल ठरवायला काहीच देत नाही. उत्साहाने एक हंगाम करून सोडलेले वीस चौकोन आणि दहा वर्षं न चुकता केलेला एक चौकोन यांत दुसराच कामाचा.

या चिकाटीचं फळ म्हणजे चेक शेतशिवारातल्या पक्ष्यांबद्दलचा निष्कर्ष. १९८९ नंतर सरकारी अनुदानं आटली, तशी खतं आणि कीटकनाशकंही एकदम कमी झाली. २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला, शेतीला पुन्हा पैसा आला, आणि त्यानंतर शेतातले पक्षी झपाट्याने घटल्याचं याच आकड्यांवरून दाखवता आलं. राजवट बदलायच्या आधीपासून मोजणी नसती तर कशाशी ताडणार होतो?


मागोवा :

पक्ष्यांबद्दल नीलपंख यांनी सांगितलंच आहे, मी लांडगा आणि लिंक्सपुरतं लिहितो. इथे स्वयंसेवकांची गरज वेगळ्या कारणाने पडली. या भागातल्या बऱ्याच देशांत मोठ्या शिकारी प्राण्यांचा अधिकृत आकडा शिकारक्षेत्रांच्या वार्षिक अहवालांची बेरीज करून निघायचा. एका लिंक्सचा वावर शंभर ते कित्येक शे चौरस किलोमीटरांत असतो, शिकारक्षेत्र असतं काही दहा चौरस किलोमीटरांचं. तोच प्राणी पाच-सहा शेजाऱ्यांच्या अहवालांत येतो आणि बेरजेत पाच-सहा होतो. फुगलेल्या आकड्यावर शिकारीचा कोटा ठरला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच चेक प्रजासत्ताकातल्या बेस्कीदी डोंगरांत ह्नुती दुहा या पर्यावरण चळवळीच्या ओलोमोत्स शाखेने स्वयंसेवकांच्या गस्ती सुरू केल्या, ज्या आज 'लांडगा गस्त' म्हणून ओळखल्या जातात. गस्तीचं काम दुहेरी : खुणा नोंदवायच्या आणि हिवाळ्यात चोरट्या शिकारीवर नजर ठेवायची.

बर्फातला माग. बर्फ पडून गेल्यावर २४ ते ४८ तासांत निघायचं. त्याआधी प्राणी फिरलेलेच नसतात, त्यानंतर ठसे वितळून मोठे होतात आणि कुत्र्याचाही लांडगा दिसू लागतो. लिंक्सचा ठसा गोलसर, साधारण ७ ते ९ सेंटिमीटर, नखं उमटत नाहीत. लांडग्याचा लांबट, नखांसकट, आणि माग सुतासारखा सरळ जातो. पाळीव कुत्रा नागमोडी हुंदडतो. प्रत्येक फोटोत ठशाशेजारी मोजपट्टी हवी आणि कॅमेरा ठशाच्या बरोब्बर वर धरायला हवा. तिरक्या फोटोवरून माप काढता येत नाही.

कळपातले लांडगे एकामागे एक चालताना पुढच्याच्या ठशात पाय ठेवतात. रस्त्यावर एकच माग दिसतो आणि नवखा माणूस 'एक लांडगा' लिहून मोकळा होतो. माग जिथे फुटतो तिथपर्यंत चालत जावं लागतं : पडलेलं झाड, ओढा, चढण, नाहीतर मूत्रखुणेची जागा. तिथे मागाच्या किती वाटा फुटल्या ते मोजायचं. चालायचं मात्र उलट दिशेने, ते जिकडून आले तिकडे. जिकडे गेले तिकडे निघालात तर तुम्ही त्यांना हाकलत नेता.

विष्ठेचे नमुने जनुकतपासणीसाठी घेतात. ताज्या विष्ठेच्या बाहेरच्या थराचा हेझलनटएवढा तुकडा पुरतो, कारण आतड्याच्या पेशी बाहेरच्या बाजूला असतात. कुपीत ९६ टक्के इथेनॉल, नमुन्याच्या किमान चौपट. दर नमुन्याला नवी काडी आणि नवे हातमोजे. कुपीवर पेन्सिलीने लिहा. इथेनॉल सांडलं की पेनाची शाई पुसली जाते, आणि कुठला नमुना कुठल्या दरीतला हे न कळणाऱ्या चाळीस कुप्या हातात उरतात. हातमोजे स्वतःसाठीही हवेत : मध्य युरोपात कोल्ह्या-लांडग्यांच्या विष्ठेत एकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी असू शकतात. वास घेऊन पाहू नका.

लिंक्ससाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. अंगावरचे ठिपके प्रत्येक लिंक्सचे वेगळे, आणि डाव्या कुशीचे उजवीपेक्षा वेगळे. एकाच बाजूला कॅमेरा असेल तर एकदा डावी, एकदा उजवी बाजू मिळते आणि एकाचे दोन प्राणी होतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, पण अगदी एका रेषेत नाहीत. जरा पुढेमागे, नाहीतर एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. उंची ५० ते ६० सेंटिमीटर. बर्फ साचत गेला की वर सरकवायचे. तोंड शक्यतो उत्तरेकडे, सूर्याने उगाच चाप ओढला जाऊ नये म्हणून. समोरचं गवत कापा, वाऱ्याने हलणारं एक पातं रात्रभरात कार्ड भरून टाकतं. बॅटऱ्या लिथियमच्या घ्या. अल्कलाइन उणे तापमानात मान टाकतात, त्यामुळे कॅमेरा तीन आठवडे उभा असतो आणि चालू पाचच दिवस असतो. किती दिवस चालू होता हा आकडा हातात नसेल तर संख्येचा अंदाज काढताच येत नाही. म्हणून लावताना आणि काढताना स्वतः समोरून चालून एक फोटो घ्यायचा. घड्याळ वर्षभर एकाच वेळेवर ठेवा, उन्हाळी वेळेप्रमाणे पुढेमागे करू नका.

नोंदींची प्रतवारी सी१, सी२, सी३ अशी करतात. आल्प्समधल्या लिंक्सच्या अभ्यासातून ही पद्धत मध्य युरोपभर गेली. सी१ म्हणजे फोटो, मृत प्राणी, जनुकीय पुरावा. सी२ म्हणजे जाणकाराने तपासून मान्य केलेला माग किंवा शिकार. सी३ म्हणजे पडताळा न होणारं : ऐकलेली आरोळी, कुणीतरी सांगितलेलं दर्शन. सी३ फेकून देत नाहीत, पण त्यावर संख्या काढत नाहीत. शिकारी संघटनेशी वाद झाला की पहिला प्रश्न येतो, 'यातले सी१ किती?'


माळरान :

चंडोलाचं आणि पेन्सिलीचं तर कुठेच वाचलं नव्हतं, दोघांचेही आभार. पुढचं विचारतो : नोंद झाली, मग? एखाद्या स्वयंसेवकाने जंगलात गरुडाचं घरटं शोधलं तर त्यातून प्रत्यक्ष काय होतं?


गरुडघर :

पोलंडमध्ये त्याची कायदेशीर साखळी आहे आणि ती चांगली चालते. काही जातींच्या घरट्याभोवती संरक्षित वर्तुळ आखता येतं. आतलं वर्तुळ वर्षभर, बाहेरचं विणीच्या काळापुरतं. पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडासाठी आतलं २०० मीटर, आणि बाहेरचं ५०० मीटर, १ जानेवारी ते ३१ जुलै. छोट्या ठिपकेदार गरुडासाठी १०० आणि ५०० मीटर, बाहेरचं १ मार्च ते ३१ ऑगस्ट. काळ्या करकोच्यासाठी २०० आणि ५०० मीटर, १५ मार्च ते ३१ ऑगस्ट. त्या काळात तिथे लाकूडतोड थांबते आणि विनापरवाना जाताही येत नाही. निर्णय प्रादेशिक पर्यावरण संचालनालयाचा असतो. घरटी शोधून अर्ज करण्याचं आणि जुनी वर्तुळं तपासत राहण्याचं मोठं काम गरुड संरक्षण समितीचे स्वयंसेवक करतात.

शोध पानगळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. झाडं उघडी असल्याने फांद्यांचा ढीग लांबून दिसतो आणि पक्षीही नसतात. (समुद्रगरुडासाठी हा काळ चालत नाही, तो जानेवारीतच घरट्यापाशी येतो.) ठिपकेदार गरुडाच्या घरट्याची वस्ती मेच्या सुरुवातीला दुरून पाहायची : घरट्याच्या कडेला ताज्या हिरव्या डहाळ्या खोवलेल्या असतात, खाली पांढरे शिंतोडे आणि पिसं. जुलैच्या उत्तरार्धात पिल्लू उडण्याच्या बेतात आहे का ते पाहायला आणखी एक फेरी. याहून जास्त वेळा जाऊ नये. अंडी उबवताना मादी उठली आणि हवा थंड असली तर घरटं त्या वर्षापुरतं गेलं. अर्जात जीपीएसचे आकडे, झाडाची जात, वस्तीचा पुरावा आणि वनविभागाचा खंड क्रमांक लागतो. हा क्रमांक जंगलातल्या चौकांवर रोवलेल्या दगडी खुंटांवर लिहिलेला असतो. खुंटाच्या ज्या दोन बाजूंवर सगळ्यात लहान आकडे आहेत, त्यांच्या मधली कड उत्तर दाखवते. ढगाळ दिवशी फार उपयोगी पडतं.

याच क्रमांकांनी पोलंडमधल्या बियावोव्येझा जंगलातल्या लाकूडतोडीच्या वादात काम केलं. २०१६ मध्ये तिथल्या एका वनक्षेत्रासाठी २०१२ ते २०२१ या काळाची तोडीची मर्यादा सुमारे ६३ हजार घनमीटरांवरून १ लाख ८८ हजारांवर नेली. २०१७ मध्ये नागरिकांच्या गस्ती फिरल्या. खंड क्रमांक, खोडाच्या कापाचा व्यास, वलयांची मोजणी, तारीख आणि जागेसकट फोटो. शंभर वर्षांपुढची झाडं तुटतात की नाही हा वादाचा मुद्दा असेल तर 'मोठी झाडं तोडली' हे वाक्य निरुपयोगी आहे. वलयं मोजता येतील असा फोटो लागतो : काप झाडूने साफ करून, मोजपट्टी मध्यापासून सालीपर्यंत आडवी ठेवून. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये तोड थांबवायचा अंतरिम आदेश दिला, नोव्हेंबरात तो न पाळल्यास दिवसाला किमान १ लाख युरो दंडाची तंबी दिली आणि १७ एप्रिल २०१८ ला पोलंडने युरोपीय संघाचे निसर्गविषयक निर्देश (सदस्य देशांवर बंधनकारक नियम) मोडल्याचा निकाल दिला.

विषबाधेबद्दलही लिहितो, कारण इथे स्वयंसेवकाच्या जिवाचा प्रश्न आहे. हंगेरीत शाही गरुड मारला जाण्यामागे कार्बोफ्युरान हे कीटकनाशक मोठं कारण. युरोपीय संघात २००८ पासून बंदी आहे, पण जुने साठे आमिषात घालून वापरले जातात. मेलेल्या कोल्ह्याशेजारी मेलेला गरुड, चोचीत मांसाचा तुकडा, पंजे आवळलेले आणि आमिषावर मेलेल्या माश्यांचा खच दिसला की हात लावू नका, पिशवीत भरू नका. हे विष कातडीतूनही शरीरात जातं. सोबतचा कुत्रा बांधा, लांबून फोटो घ्या, जागा टिपा आणि पोलिसांना बोलवा. उचलून आणलेला पक्षी पुरावा म्हणूनही टिकत नाही, कारण तो कुठे पडला होता हे सांगायला तुमच्या शब्दापलीकडे काही उरत नाही. एमएमईने विष शोधणारे प्रशिक्षित कुत्रे वापरले ते यासाठीच : शेतात पडलेली बारीक आमिषं माणसाला दिसत नाहीत.


थवा :

जॉर्जियाची भर घालतो, कारण तिथे गणनेने वेगळीच वाट धरली. काळा समुद्र आणि कॉकेशस यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून शिकारी पक्षी दक्षिणेला जातात. बातुमीजवळ २००८ पासून दर शरदात ते मोजले जातात, आकडा दहा लाखांच्या वर जातो. मधुबाज, घार आणि स्टेप बझार्ड हे मुख्य. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साखाल्वाशो आणि शुआम्ता या दोन ठाण्यांवरून.

गिरक्या घेत वर चढणारा थवा मोजायला जाऊ नये, संख्या कधीच जुळत नाही. तो माथ्यावर पोचून पंख ताठ करतो आणि ओळीने घसरत निघतो, तेव्हा त्या ओळीवर मोजायचं. ठाण्यावर पूर्व-पश्चिम एक काल्पनिक रेघ असते, ती ओलांडली की पक्षी मोजला. प्रत्येक जातीला वेगळं क्लिकर, एक माणूस नुसतं लिहायला, दुसऱ्या ठाण्याशी रेडिओवर बोलणं चालू : 'पाचशेंची ओळ तुमच्याकडे सरकतेय, आम्ही सोडली.' हे बोलणं तुटलं की तोच थवा दोनदा मोजला जातो. जात न ओळखलेले पक्षी अंदाजाने कुठल्याही जातीत घालायचे नाहीत, त्यांचा रकाना वेगळा.

त्या डोंगरांत शिकारी पक्ष्यांवर बंदुका चालतात. शिवाय स्पॅरोहॉक हा छोटा शिकारी पक्षी पकडून शिकवण्याची जुनी परंपराही आहे, त्यासाठी जाळ्यात आमिष म्हणून जिवंत खाटीक पक्षी बांधतात. बाहेरून आलेल्यांनी नुसतं 'मारू नका' म्हणून काही झालं नसतं. गणकांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांमध्ये केली, त्यामुळे पक्ष्यांच्या त्या दोन महिन्यांत गावाला मिळकत होऊ लागली. गोळीबार पूर्ण थांबलेला नाही. पण गणक ऐकू आलेल्या गोळ्याही मोजतात, त्यामुळे शिकारीच्या प्रमाणाचाही अंदाज हाताशी राहतो.


हिशेबनीस :

पैशांचं कुणी लिहिलं नाही आणि मालिका तुटतात त्या बहुधा तिथेच. नव्वदच्या दशकात परदेशी अनुदानं भरपूर होती. हंगेरीत १९९० मध्ये स्थापन झालेल्या प्रादेशिक पर्यावरण केंद्राकडून लहान गटांनाही मदत मिळे. २००४ मध्ये या भागातले आठ देश युरोपीय संघात गेले आणि देणगीदारांनी आणखी पूर्वेकडे मोर्चा वळवला. त्यांच्या जागी संघाच्या लाइफ या निसर्गनिधी योजनेसारखे मोठे प्रकल्प आले. लाइफ सर्वसाधारणपणे खर्चाचा ६० टक्के वाटा देते, अग्रक्रमाच्या जातींसाठी ७५ पर्यंत. उरलेला आपण आणावा लागतो, आणि पूर्वीच्या नियमांत स्वयंसेवकांचे तास त्या वाट्यात धरता येत नसत. दोनशे माणसं पहाटे मोजणी करत, पण हिशेबात ती शून्य. म्हणून छोट्या गटांना हे प्रकल्प झेपत नाहीत. मोठ्या संघटना वाढतात आणि त्यांत पगारी माणसं अहवाल लिहिण्यात अडकतात.

प्रकल्प चार-पाच वर्षांचा, गणना वीस वर्षांची. गणना प्रकल्पाला टांगली की प्रकल्पासोबत ती संपते. पोलंडने एमपीपीएल सरकारी पर्यावरण निरीक्षणाच्या कार्यक्रमात घेतली, हा एक मार्ग. युरोपीय संघाच्या पक्षी निर्देशाखाली देशाला दर ६ वर्षांनी आकडे द्यावेच लागतात, त्यामुळे ही गरज सरकारचीही आहे. दुसरा मार्ग कराचा : हंगेरीने १९९६ च्या कायद्याने करदात्याला आपल्या आयकराचा १ टक्का आवडीच्या संघटनेला देता येईल अशी सोय केली. पोलंडने २००३ च्या कायद्याने तेच केलं, आता तिथे दीड टक्का आहे. हा पैसा कुठल्याही प्रकल्पाला बांधलेला नसतो. समन्वयकाचा पगार, गणकांचा प्रवासखर्च, सर्व्हरचं भाडं असले कंटाळवाणे खर्च त्यातून भागतात. खरं तर समन्वयक हाच कणा आहे. मार्चमध्ये प्रत्येक गणकाला फोन करून 'यंदा चौकोन करणार ना?' विचारणारं कुणी नसलं की पहिल्याच वर्षी गळती लागते.

पूर्वेकडे धोका वेगळा. मॉस्को विद्यापीठात १९६० मध्ये विद्यार्थ्यांचं निसर्गरक्षक पथक उभं राहिलं, तशी पथकं पुढे सोव्हिएत विद्यापीठांत पसरली आणि चोरट्या शिकारीविरुद्ध गस्ती घालू लागली. आज त्याच रशियात २०१२ पासूनच्या 'परकीय हस्तक' कायद्याखाली परदेशातून पैसा घेणाऱ्या पर्यावरण संघटनांना तो शिक्का लावून घ्यावा लागतो, नाहीतर दार बंद करावं लागतं. बेलारूसमध्ये २०२१ पासून शेकडो नागरी संघटना विसर्जित झाल्या, त्यांत पर्यावरणवालेही होते. संघटना बंद झाली की तिचं संकेतस्थळ आणि सर्व्हरही जातो. युरोपच्या दुसऱ्या पक्षी अ‍ॅटलाससाठी (कुठली जात कुठे वीण करते त्याचा नकाशासंग्रह) २०१३ ते २०१७ मध्ये ५० किलोमीटरच्या चौकोनांत नोंदी झाल्या, सुमारे १ लाख २० हजार माणसांनी त्यात काम केलं आणि ५९६ जाती आल्या. पहिल्या अ‍ॅटलासमध्ये पूर्वेकडे मोठी भगदाडं होती, ती बरीच भरली. त्या नोंदींची प्रत देशाबाहेर सुरक्षित आहे, हे त्या पूर्वेकडच्या गणकांच्या दृष्टीने फार मोठं आहे.

माळरान, तुमच्या टिपणासाठी नोंदी मागवणार असाल तर दोन गोष्टी. घरट्यांचे नेमके जीपीएस आकडे मागू नका, १० किलोमीटरच्या चौकोनापर्यंत ढोबळ केलेले मागा. गरुड आणि काळ्या करकोच्याचे नेमके पत्ते कुठलीच जबाबदार संघटना बाहेर देणार नाही, आणि तसं मागितलं की पुढच्या पत्रांना उत्तरही येत नाही. दुसरं, आकड्यांसोबत प्रत्येक चौकोनात कुठल्या वर्षी मोजणी झाली नाही त्याची यादी मागा. मिळालेल्या तक्त्यात शून्य लिहिलेलं असतं तेव्हा पक्षी नव्हता की गणक गेलाच नव्हता, हे त्या यादीशिवाय कळत नाही.